घाट चढेल, गावात दुरुस्त होईल अशी सायकल

सायकल घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती हजारांपर्यंत चांगली येईल?" दुकानदारालाही तो सोयीचाच. आकडा ऐकला की त्या आकड्यात बसणारी सगळ्यात चकचकीत सायकल तो पुढे काढतो. कंपनीत जायला-यायला किंवा सकाळी स्पाइन रोडवर दोन फेऱ्या मारायला एवढ्यावर भागतं. पण किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण उतरत गोव्याला जायचं असेल, पंढरपूर गाठायचं असेल, आठ दिवसांचं सामान लादून निघायचं असेल, तर तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. वाटेत चढ कसे आहेत? अंगावरचं आणि सायकलवरचं ओझं किती? आणि मध्येच काही तुटलं तर ते कोण जोडणार? या तिन्हींची उत्तरं हातात असली की बाजारातल्या बऱ्याच सायकली आपोआप गळतात. ज्या उरतात त्या बहुतेक स्वस्त असतात.

यातला तिसरा प्रश्न आम्हा चिखलीकरांना खरं तर कोणी शिकवायला नको. टाळगाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक असलेलं हे इंद्रायणीकाठचं गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज त्याच्या एका बाजूला तळवडे, दुसऱ्या बाजूला भोसरी आणि मोशीच्या पलीकडे चाकण आहे. कुठल्याही गल्लीत शिरलात तर लेथ, प्रेस, लेझर कटिंग, पावडर कोटिंग यांतलं काही ना काही चालू असतंच. इथला छोटा कारखानदार जुनं मशीन घेताना रंगाकडे बघत नाही. स्पेअर मिळतो का आणि उघडायला कोण येतं, एवढंच तो विचारतो. सायकल घेताना मात्र तोच माणूस रंगीत डिकाल आणि पुढचा जाडजूड शॉकॲब्सॉर्बर बघून भुलतो. मशीनला लावतो तीच कसोटी त्याने सायकलला लावली, तर निम्मं काम तिथेच होईल.

आधी एक शंका मिटवू. साध्या सायकलवर खरंच लांब जाता येतं का? १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर कापून परतले, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या सायकलींवर आणि शंभर वर्षांपूर्वीच्या रस्त्यांवर. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी 'भारत जोडो' यात्रा काढली तेव्हा शंभराहून जास्त तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते, आणि त्यांचं वाहन सायकलच होतं. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटरचा जगप्रवास करून आली. ती विक्रमाची धाव होती, सायकलही त्या तोलाची होती. आपल्याला तेवढ्या वेगाची गरज नाही.

गरज किती वेगाची असते हे ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर कापायच्या सायकलफेरीच्या, वेळांवरून कळतं. ऑडॅक्स इंडियाच्या ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात. कुठलाही आकडा भागून बघा, चहा-जेवण आणि पंक्चर धरून ताशी सरासरी पंधरा किलोमीटरच्या आसपासच येते. सामान घेऊन फिरणारा माणूस तर दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटरच जातो आणि संध्याकाळी पाचला मुक्कामाला पोचलेला असतो. इंडो ॲथलेटिक सोसायटीच्या पुणे–पंढरपूर सायकलवारीत किंवा नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनच्या वारीत उभं राहून सायकली न्याहाळल्या तर साध्या हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या) आणि गिअरच्या एमटीबी (माउंटन बाइक) भरपूर दिसतात. थोडक्यात, वेगासाठी पैसे मोजायचं कारण नाही. पैसे लागतात ते दमछाक आणि मोडतोड टाळायला.

मग टूरिंगची सायकल म्हणजे नेमकी कशी? परदेशात खास या कामासाठी घडवलेल्या सायकली आहेत. ट्रेकची ५२० ही त्यांतली जुनी. सर्ली कंपनीची लाँग हॉल ट्रकर तर या जातीचा नमुनाच समजली जायची. पोलादी फ्रेम, मागचा त्रिकोण लांब, ३६ स्पोकची चाकं, पुढे पॅडलपाशी तीन दातेरी चकत्या, पाण्याच्या तीन बाटल्यांची सोय, कॅरिअर आणि मडगार्डसाठी जागोजागी आट्यांची भोकं. डाव्या चेनस्टेवर (क्रँकपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या नळीवर) तर दोन जादा स्पोक अडकवून ठेवायचीही जागा! लहान मापांच्या फ्रेमना कंपनीने २६ इंची चाकं दिली होती, कारण तो टायर जगात जवळजवळ कुठेही मिळतो. कुठे काय मोडेल याचा विचार करून काढलेलं हे डिझाइन आहे. अशी सायकल आयात करून इथे आणायची तर किंमत लाखाच्या घरात जाते. पण तिची यादी हातात घेऊन पंचवीस हजारांच्या सायकलींच्या रांगेत फिरायला कोणाची मनाई नाही.

यादीत सगळ्यात वर गिअर. त्याचा हिशेब एकदा मांडून बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. स्वार, सायकल, सामान आणि पाणी मिळून ९० किलो धरा. चढ शंभर मीटरला सात मीटर. दाभोळ, जयगड, बाणकोट अशा खाड्यांवरून वर येणारे रस्ते याहूनही तिखट आहेत. हे वजन त्या चढावर नुसतं तोलून धरायला सुमारे ६२ न्यूटन बल लागतं. टायरचं घर्षण धरलं की ६९ च्या आसपास. ताशी ७ किलोमीटरने चढायचं म्हटलं तर पायांतून साधारण १३५ वॅट निघाले पाहिजेत. नियमित सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला हे तासभर जमतं. मुद्दा आहे तो हे वॅट पायाच्या किती फेऱ्यांत काढायचे, हा.

पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते बघायचं. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर एका फेऱ्यात ती जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे छान, पण वरच्या चढावर मिनिटाला एकवीसच फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला अख्खा माणूस पॅडलवर उभा. दुसऱ्या मिनिटाला खाली उतरून ढकलायची वेळ येते. पुढे लहान चकती २८ आणि मागे मोठी चकतीही २८ अशा साध्या हायब्रिडवर एका फेऱ्यात २.१७ मीटर, आणि पायाचे मिनिटाला ५४ फेरे. मागची चकती ३४ दात्यांची घेतली की १.७९ मीटर आणि ६५ फेरे. गुडघ्याला जे हवं असतं ते इथे मिळतं, कमी दाब आणि जास्त फेरे. उलट पातळ टायरची रेसिंग सायकल बघा. पुढची लहान चकती ३४ आणि मागची मोठी २८, म्हणजे एका फेऱ्यात अडीच मीटरहून जास्त. किंमत तिप्पट, आणि चढावर सामानासकट गुडघे आधी तीच फोडणार.

हलक्या सायकलचा फायदाही याच हिशेबात घालून बघता येतो. दोन किलो हलकी सायकल घेतली, समजा त्यासाठी वीस-पंचवीस हजार जादा दिले. नव्वद किलोतले दोन गेले, म्हणजे सव्वादोन टक्के. दहा किलोमीटरच्या सलग चढावर वाचलेला वेळ दोन मिनिटांच्या आत. याउलट, १४–२८ चं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) काढून १४–३४ चं बसवायला काही शे रुपये लागतात आणि अख्खा घाट सीटवर बसून चढता येतो. मागच्या डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला, ३४ दाते झेपतात का एवढं आधी विचारायचं. शिमानोच्या टुर्नी या सगळ्यात स्वस्त मालिकेतलेही काही डिरेल्युअर ते झेलतात. म्हणून दुकानात गिअर एकूण किती हे विचारण्यात अर्थ नाही. २१ गिअरच्या सायकलमध्ये निम्मे तर एकमेकांसारखेच असतात. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती दाते मोजून बघा. मागची पुढच्यापेक्षा मोठी असेल तर सायकल घाटाची.

गंमत म्हणजे गिअरचा आग्रह आधी धरला तो शर्यतवाल्यांनी नव्हे, भटक्यांनी. फ्रान्समध्ये सेंट एतिएनचे पॉल द व्हिव्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरात हिंडण्यासाठी चेन बदलण्याच्या युक्त्या शोधत होते. टूर द फ्रान्सने मात्र स्पर्धकांना डिरेल्युअर वापरू दिला तो थेट १९३७ मध्ये. आज आपण उलटं करतो. शर्यतीतली सायकल टीव्हीवर पाहतो आणि तशीच दुकानात मागतो.

दुसरी बाब चाकांची. लांबच्या प्रवासात फ्रेम मोडल्याची उदाहरणं थोडी, मागच्या चाकाचे स्पोक तुटल्याची मात्र ढीगभर. कारण सरळ आहे. शंभर किलोमीटरमध्ये चाक सेहेचाळीस हजार वेळा फिरतं. दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की जरासा सैल पडतो आणि वर गेला की पुन्हा ताणला जातो. मुळातच तो सैल असेल तर हे हलणं वाढतं आणि हबपाशी जिथे त्याला वाक दिलेला असतो तिथे तो थकून तुटतो. सामान मागे लादलेलं असल्याने भार मागच्या चाकावरच. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत, ते याच हिशेबाने. दूधवाल्याचे चार कॅन आणि डबलसीट त्या चाळिसांच्या जोरावर चालायचं. आज मागे ३६ मिळाले तर उत्तम, ३२ चालतील. २४ किंवा २८ असतील तर सामानाच्या सायकलसाठी ती बाद.

स्पोकच्या संख्येइतकाच त्यांचा ताण महत्त्वाचा. स्वस्त सायकलची चाकं यंत्रावर भराभर बांधलेली असतात. नवी सायकल घेतली की ती तशीच चालवत न सुटता चाकाचा आउट काढणाऱ्या जाणत्या मेस्त्रीकडे न्यावी. तो काय करतो ते बघण्यासारखं असतं. सायकल उलटी करून चाक फिरवतो, चिमट्याला (फोर्कला) खडूचा तुकडा टेकवून ठेवतो, रिमला खडू जिथे लागेल तिथे चाक बाहेर आलंय. मग निपलला पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मध्येच शेजारशेजारचे दोन स्पोक चिमटीत दाबून बघतो, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा आवाज सारखा आला की ताण सारखा. चाक सरळ दिसणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ दिसणारं चाकही आतून सैल असू शकतं. या कामाला काही शे रुपये पडतात आणि पुढचे हजारो किलोमीटर निघतात.

उजव्या बाजूचा स्पोक तुटला तर आणखी एक अडचण येते. फ्रीव्हील काढल्याशिवाय नवा स्पोक आत जात नाही आणि फ्रीव्हील काढायला खाचांचा छोटा पुलर लागतो. हा पुलर बोटभर, स्वस्त आणि खेड्यातल्या दुकानात बहुधा नसणारा. मोठा पाना मात्र कुठल्याही ट्रॅक्टर गॅरेजमध्ये मिळतो. म्हणून पुलर आपल्या पिशवीत, पाना गावातला. सोबत आपल्याच चाकाच्या मापाचे चार स्पोक सीटपोस्टच्या नळीत. जमत असेल तर फ्रीव्हीलऐवजी कॅसेटचा हब असलेली सायकल घ्यावी. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे बाहेर उरलेला ॲक्सल ओझ्याखाली वाकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकापर्यंत येतं आणि ॲक्सलला आधार मिळतो.

टायरच्या बाबतीत दुकानातले आकडे फसवे आहेत, म्हणून मिलिमीटर लक्षात ठेवावेत. गावोगावी मिळणारा २८ × १½ हा जुन्या सायकलचा टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. हायब्रिडचा ७००सी आणि एमटीबीचा २९ इंची हे दोन्ही ६२२ च्या रिमचे. साडेसत्तावीस इंची ५८४ चा, २६ इंची एमटीबीचा ५५९ चा. लेडीज सायकलचा २६ × १⅜ आणखी वेगळा, ५९० चा. म्हणजे गुहागरच्या दुकानात २८ चा टायर टांगलेला दिसला म्हणून ७००सीवाल्याने खूश होऊ नये. तेरा मिलिमीटरच्या फरकाने तो बसणारच नाही. लहान मुलांच्या आणि साध्या एमटीबींमुळे २६ इंची ५५९ चा माल तालुक्याच्या गावात हमखास सापडतो. ७००सी घेतलीत तर घडी होणारा एक जादा टायर सोबत ठेवावा. रुंदी ३५ ते ४२ मिलिमीटर. चिखली-तळवड्याच्या रस्त्यांवर लेथची चिप आणि तारांचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे आतून पंक्चररोधक पट्टा असलेले टायर घेतले तर पैसे वसूल होतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असलेला बरा. पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवायचा.

फ्रेमचा वाद अल्युमिनियम की पोलाद, असा असतो. अल्युमिनियम हलकं, गंजत नाही आणि या किमतीत तेच जास्त मिळतं. पोलादाचा गुण असा की एका मर्यादेखालचे हादरे ते जवळजवळ अमर्याद वेळा सोसतं. अल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, थकवा साठत जातो. म्हणून अल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाड ठेवलेल्या असतात आणि त्या वर्षानुवर्षं टिकतात. खरा फरक मोडल्यावर दिसतो. पोलादी फ्रेमला तडा गेला तर तालुक्यातला कुठलाही चांगला वेल्डर ती घरी पोचण्यापुरती जोडून देतो. अल्युमिनियमचं वेल्डिंग आपल्या औद्योगिक पट्ट्यात होतं, पण सायकलच्या ६०६१ सारख्या मिश्रधातूत जोडाच्या आजूबाजूची ताकद उष्णतेने उतरते आणि ती परत आणायला भट्टीत उष्णता-प्रक्रिया करावी लागते. ही सोय ना हरिहरेश्वरला असते, ना घाटात. गोव्यापर्यंतच्या प्रवासाला अल्युमिनियमची हायब्रिड खुशाल घ्यावी. लडाख-स्पितीसारख्या दूरच्या, उजाड वाटांचा विचार असेल तर पोलादी फ्रेमसाठी शोध घेण्यात अर्थ आहे.

पुढचा चिमटा मात्र साधा, बिनाशॉकचाच असावा. स्वस्त सस्पेन्शनचा चिमटा अडीच-तीन किलोपर्यंत भरतो, चढावर उभं राहून पॅडल मारलं की पायाची ताकद स्प्रिंगमध्ये जिरवतो आणि त्यावर कॅरिअरही नीट बसत नाही. रुंद टायर आणि बेताची हवा यांनी डांबरी रस्त्याचे खड्डे पुरेसे सोसले जातात.

फ्रेम बघताना मागच्या ॲक्सलजवळ आणि सीटच्या खाली आट्यांची भोकं आहेत का ते वाकून बघा. ही भोकं नसली की कॅरिअर सीटपोस्टला आवळून बसवावं लागतं आणि ते आठ-दहा किलोखाली डुलायला लागतं. मागचं चाक आणि क्रँक यांच्यात अंतर पुरेसं हवं, नाहीतर कॅरिअरला लटकणाऱ्या पिशवीला, म्हणजे पॅनिअरला, प्रत्येक फेऱ्यात टाच घासते. बूट घालून, कॅरिअरला पिशवी अडकवून दुकानातच बघायचं. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर कॅरिअरच्या पायाला आडवा येतो का हेही तेव्हाच कळतं.

कॅरिअर विकत घेण्यापेक्षा बनवून घेणं हा आपल्या भागातला खास मार्ग आहे. आठ एमएमचा माइल्ड स्टीलचा बार मीटरला ३९५ ग्रॅम भरतो. तीन मीटरमध्ये कॅरिअर होतं, म्हणजे बाराशे ग्रॅम. बाजारातल्या चांगल्या अल्युमिनियमच्या कॅरिअरपेक्षा हे जड, पण ओझं भरपूर पेलतं, आणि मोडलं तर कुठेही जोडता येतं. फॅब्रिकेटरला सांगायच्या गोष्टी तीनच. पाय ॲक्सलच्या भोकापाशी चपटे करून पाच एमएमचा बोल्ट जाईल असं भोक पाड. मागून बघितल्यावर तिरका आधार दिसला पाहिजे, नुसते दोन उभे पाय डुलतात. आणि पिशवीचा हूक अडकायला वरच्या पट्टीखाली आडवा बार सलग ठेव. सायकल सोबत नेऊन जागेवर माप घेतलं तर कुठल्याही कंपनीच्या कॅरिअरपेक्षा ते आपल्या फ्रेमला नीट बसतं. त्यावर पावडर कोटिंग करून घेतलं की गंजाची काळजी नाही. बोल्टला नायलॉक नट वापरावेत. साधे नट खडबडीत रस्त्यावर दोन दिवसांत सैल होतात.

ब्रेकमध्ये व्ही-ब्रेक हा स्वस्त सायकलचा भरवशाचा साथी. रबर पॅड कुठेही मिळतात आणि साध्या पान्याने बदलतात. केबलवर चालणारा डिस्क ब्रेकही चांगला, पावसात जास्तच चांगला, फक्त पॅडचा जादा जोड घेऊन निघायचं. तेलावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक पकडीला सुरेख, पण त्याची नळी फाटली तर वरंध घाटात तेल आणि सिरिंज घेऊन कोणी भेटणार नाही. ताम्हिणी किंवा वरंध उतरताना नव्वद किलोचं ओझं ब्रेकवर येतं. तेव्हा सतत दाबून ठेवण्यापेक्षा वळणाआधी जोरात, थोडा वेळ आणि मग सोडून, असा ब्रेक वापरला की रिम आणि डिस्क दोन्ही थंड राहतात.

माप चुकलं तर वरचं सगळं वाया जातं. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभं राहायचं, मांड्यांच्या मध्ये पुस्तक वर सरकवून घट्ट धरायचं आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. त्याला ०.८८३ ने गुणलं की क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ८० सेंटिमीटर भरलं तर सीट ७०.६ वर. फ्रेमची वरची नळी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर तिच्या वर थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे. हँडलपर्यंत हात ताणून पोचावं लागत असेल तर ती फ्रेम आपली नव्हे, मग दुकानदार कितीही सूट देवो. उंच माणसाला लहान फ्रेम 'सीट वर करून' आणि बुटक्या बाईला पुरुषाची फ्रेम 'सीट खाली करून' खपवली जाते, ती इथेच पकडावी. सीट जाडजूड गादीची नको. बसायची दोन हाडं जिच्यावर टेकतील एवढी रुंद आणि बेताची कडक हवी. गादी मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधल्या भागावर दाब येतो.

आता पैशांचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा आहे. हातात चाळीस हजार असतील तर सगळे सायकलवर घालवू नयेत. पंचविसाच्या आसपास सायकल घ्यावी आणि उरलेल्यात चांगले टायर, मोठं फ्रीव्हील, चाकांचा ताण, कॅरिअर, पॅनिअर, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप आणि हत्यारं बसवावीत. हात आखडता असेल तर जुनी सायकल बघावी. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी हायब्रिड चिखली-मोशीच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. त्या घेताना हँडलखालच्या नळीचा जोड, क्रँकचा जोड आणि मागच्या ॲक्सलजवळचे कोपरे फडक्याने पुसून तडा शोधायचा. चेन मोजायची. बारा पूर्ण कड्यांचं अंतर नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर असतं. ३०६.५ च्या पुढे गेलं असेल तर चेन बदलावी लागेल, आणि तीनशे आठच्या घरात गेलं असेल तर बहुधा फ्रीव्हीलसकट. स्टीलच्या मोजपट्टीने हे दोन मिनिटांत कळतं आणि सौद्यात हजार-दोन हजार उतरतात.

घेतलेली सायकल थेट कोकणात नेऊ नये. आपल्या जवळ तिची परीक्षा घ्यायला चांगली जागा आहे. पंधरा किलोमीटरच्या आत एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. आधी रिकाम्या सायकलने या दोन फेऱ्या करून सीटची उंची बसवून घ्यायची. मग पॅनिअरमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, दहा-बारा किलो होतील एवढ्या, टाकून देहूच्या पुढे भंडारा डोंगराचा रस्ता चढायचा. जाताना तळेगाव–चाकण रस्त्याचा काही भाग लागतो. तिथे कंटेनरची रांग सुरू होण्याआधी, भल्या पहाटे निघावं. तिसऱ्या खेपेला जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळ्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत.

या तीन खेपांत सायकल आपल्या सगळ्या खोडी दाखवते. भंडाऱ्याच्या चढाला उतरावं लागलं तर आणखी मोठं फ्रीव्हील किंवा पुढे लहान चकती. मान आणि मनगटं दुखली तर हँडल वर आणि जवळ. उतारावर मागचा भाग शेपटासारखा हलला तर कॅरिअरचा तिरका आधार आणि सामानाची मांडणी, जड वस्तू खाली आणि ॲक्सलजवळ. स्पोकचा टिकटिक आवाज आला तर पुन्हा मेस्त्रीकडे. प्रत्येक दुरुस्ती काही शे ते हजार-दोन हजारांची आहे आणि बहुतेक आपल्या गल्लीत होणारी आहे. जास्त महागाची दुसरी सायकल घ्यायचा विचार या सगळ्या दुरुस्त्या करून झाल्यावरच करावा. बहुतेकांना तो करावाच लागत नाही.